साक्षीदाराची खुर्ची की आरोपीची? कोब्लेन्झच्या सीरिया खटल्याचा प्रकरण अभ्यास

जर्मनीतल्या कोब्लेन्झ शहरात चाललेला हा खटला जाहीर नोंदीतला आहे. तरीही दोन्ही आरोपींची आणि साक्षीदारांची नावं इथे दिलेली नाहीत. मुख्य आरोपीला ‘कर्नल’ आणि दुसऱ्याला ‘कनिष्ठ’ म्हटलं आहे. परदेशात घडलेल्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर आपल्या देशात खटला चालवायचा झाल्यास निर्णय कुठे कुठे अडतात, हे ज्यांना कामापुरतं समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

पार्श्वभूमी

मार्च 2011 मध्ये सीरियात निदर्शनं सुरू झाली आणि सरकारने ती चिरडायला गुप्तचर यंत्रणा उतरवल्या. दमास्कसच्या अल-खतीब भागात जनरल इंटेलिजन्सची ‘शाखा 251’ होती. पकडून आणलेल्या माणसांचं तिथे दारातच मारहाणीने ‘स्वागत’ व्हायचं. पुढे तळघर, झोपायलाही पाळी लावावी लागेल अशी गर्दी, तळपायांवर फटके, मनगटांना बांधून टांगणं, विजेचे झटके. कर्नल या शाखेच्या चौकशी विभागाचा प्रमुख होता. कनिष्ठ याच शाखेला जोडलेल्या उपविभाग 40 मध्ये होता. रस्त्यावरून माणसं उचलून शाखेत पोचवण्याचं काम हा उपविभाग करत असे.

कर्नलने डिसेंबर 2012 मध्ये सीरिया सोडला आणि जुलै 2014 मध्ये तो मानवतावादी प्रवेश योजनेतून जर्मनीत आला. कनिष्ठ एप्रिल 2018 मध्ये आला. दोघांनीही आपला भूतकाळ लपवला नव्हता. कर्नल फेब्रुवारी 2015 मध्ये स्वतःहून बर्लिनच्या पोलिसांकडे गेला, सीरियन हेर आपल्या मागावर असल्याची तक्रार दिली आणि त्यात आपला पूर्वीचा हुद्दाही सांगितला. कनिष्ठने आश्रयाच्या मुलाखतीत आपण कुठे काम करत होतो ते सांगितलं. या प्रकरणाचा सगळा गुंता याच मोकळेपणातून सुरू होतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. जर्मनीचा आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांविषयीचा कायदा 30 जून 2002 पासून लागू आहे. नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे परदेशात घडले असले आणि त्यांचा जर्मनीशी काही संबंध नसला तरी तो लागू होतो, असं त्याचं पहिलंच कलम सांगतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 153फ मात्र अभियोक्त्याला एक वाट मोकळी ठेवतं. आरोपी देशात नसेल आणि येण्याची शक्यताही नसेल, तर तपास सोडून देता येतो. आरोपी जर्मनीत राहत असला की ही वाट जवळपास बंद होते. कर्नल आणि कनिष्ठ दोघेही जर्मनीत राहत होते.

अडचण

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या कराराने उभं राहिलं त्या रोम संविधीचा सीरिया पक्षकार नाही, म्हणून ते न्यायालय आपणहून हात घालू शकत नव्हतं. सुरक्षा परिषदेने प्रकरण तिकडे सोपवावं, हा ठराव 22 मे 2014 रोजी रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडला. सीरियातली न्यायालयं त्याच यंत्रणेच्या हाताखाली होती. राहिली फक्त तिसऱ्या देशातली न्यायालयं.

अशा न्यायालयाची पंचाईत दुहेरी असते. घटनास्थळी जाता येत नाही, पंचनामा नाही, मृतदेह नाहीत, तिथल्या पोलिसांचं सहकार्य नाही. आणि हाती असलेले साक्षीदार बहुतेक निर्वासित असतात, ज्यांचे आईवडील, भावंडं अजून त्याच राजवटीच्या तावडीत आहेत. शिवाय ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ सिद्ध करायला छळ झाला एवढं दाखवून भागत नाही. तो छळ नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग होता, हेही दाखवावं लागतं. एक माणूस, एक शाखा, एक संपूर्ण राज्ययंत्रणा या तिन्ही पातळ्यांवर पुरावा लागतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आश्रय कायद्याचा होता. निर्वासित कराराच्या कलम 1फ नुसार, अशा गुन्ह्यांचा गंभीर संशय असलेल्याला निर्वासिताचा दर्जा नाकारता किंवा काढून घेता येतो. हा स्वस्त आणि वेगवान मार्ग आहे. पण छळाची भीती असलेल्या देशात कुणालाही परत पाठवता येत नाही, त्यामुळे माणूस तिथेच राहतो, फक्त त्याची कागदपत्रं बदलतात. पीडितांच्या हाती काहीच येत नाही.

दुसरा पर्याय थांबण्याचा. वरच्या फळीतला कोणी हाती लागेपर्यंत मधल्या फळीला साक्षीदार म्हणून जपायचं. जून 2018 मध्ये जर्मनीने सीरियाच्या हवाई दल गुप्तचर विभागाच्या प्रमुखाविरुद्ध अटक वॉरंट काढलं होतंच, पण तो दमास्कसमध्ये बसलेला होता आणि जर्मन कायदा आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवू देत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे हाती आहे त्याच्यावर आत्ताच खटला. यावर सीरियन निर्वासितांमध्येच मोठा वाद झाला आणि तो वाद पोकळ नव्हता. राजवट सोडून आलेल्या माणसाला तुरुंगात टाकलं, तर उद्या दुसरा कोण बाहेर पडेल? बाहेर पडला तरी तोंड कोण उघडेल? दुसऱ्या बाजूला, ज्याच्या विभागात आपला छळ झाला तोच माणूस बर्लिनच्या रस्त्यावर समोर आलेल्या लोकांना ‘थांबा, तो उपयोगी साक्षीदार आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? फळी मधली असो की खालची, गुन्ह्यातला वाटा मोठा असेल तर खटला टाळता येत नाही, आणि कलम 153फ च्या चौकटीत टाळण्याला फारसा आधारही नव्हता. फुटून बाहेर पडल्याचं श्रेय शिक्षा ठरवताना द्यावं. ते दिलंही गेलं.

काय केलं गेलं

सगळ्यात मोलाचा निर्णय कर्नल जर्मनीत येण्याच्या तीन वर्षं आधीच झालेला होता. सप्टेंबर 2011 मध्ये कार्ल्सरूहच्या संघीय अभियोक्ता कार्यालयाने सीरियाबाबत संरचना-तपास उघडला. यात नावानिशी आरोपी नसतो. यंत्रणा कशी चालते, कोणती शाखा कोणाच्या अखत्यारीत, आदेश कसे उतरतात, याचे जबाब आणि कागद आधीपासून गोळा केले जातात. येणाऱ्या निर्वासितांना साक्षीदार म्हणून विचारलं जातं. पुढे एखादं नाव समोर आलं की व्यापक हल्ल्याचा निम्मा पुरावा फाइलमध्ये तयार असतो. असा तपास नसलेल्या देशात प्रत्येक प्रकरण शून्यापासून सुरू होतं, आणि ते पूर्ण होईपर्यंत आरोपी दुसऱ्या देशात गेलेला असतो.

2018 मध्ये जर्मनी आणि फ्रान्सने संयुक्त तपास पथक केलं. 12 फेब्रुवारी 2019 रोजी कर्नलला बर्लिनमध्ये, कनिष्ठला त्स्वायब्र्युकेनमध्ये आणि आणखी एका संशयिताला फ्रान्समध्ये एकाच दिवशी अटक झाली. एकाच दिवशी, कारण अशा वर्तुळात बातमी तासाभरात पसरते.

निर्णयाचा टप्पा: साक्षीदार कुठे संपतो?

या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही.

ऑगस्ट 2018 मध्ये संघीय पोलिसांनी कनिष्ठचा जबाब घेतला तो साक्षीदार म्हणून. समजही, म्हणजे जबाबाआधी द्यावी लागणारी हक्कांची कायदेशीर माहितीही, त्याच नात्याने दिली. साक्षीदाराला, स्वतः अडचणीत येईल अशा प्रश्नाचं उत्तर नाकारता येतं, पण बाकी बोलावं लागतं. आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकील बोलावण्याचा पूर्ण हक्क असतो, आणि तो त्याला आधी सांगावा लागतो. कनिष्ठ बोलत गेला, आणि बोलता बोलता निदर्शकांना पकडून शाखेत नेण्यात आपला हात होता इथपर्यंत आला. त्या क्षणी खोलीतल्या माणसाचं कायद्यातलं स्थान बदललं होतं. टेबलाच्या पलीकडून नवी समज दिली गेली नाही.

परिणाम अटकेनंतर दिसला. मे 2019 मध्ये तपास न्यायाधीशांनी त्याचं अटक वॉरंट रद्द केलं. 6 जून 2019 रोजी संघीय सर्वोच्च न्यायालयाच्या तिसऱ्या फौजदारी पीठाने ते पुन्हा लागू केलं, पण जबाबाचे दोन तुकडे करून. संशय ठोस होण्यापूर्वीचा भाग वापरता येईल, त्यानंतरचा समज न देता घेतलेला भाग नाही. खटला वाचला, पण थोडक्यात. कनिष्ठची शिक्षा बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्याच सांगण्यावर उभी राहिली, हे लक्षात घेतलं की किती थोडक्यात ते कळतं.

कर्नलचंही असंच. 2017 मध्ये दुसऱ्या एका तपासात बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या पोलिसांनी त्याला साक्षीदार म्हणून विचारलं होतं. शाखेतल्या कामाबद्दल त्याने तेव्हा जे सांगितलं, ते पुढे त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात आलं.

यातून कामाची पद्धत अशी ठरते. यंत्रणेतून फुटून आलेल्या कुणाचाही जबाब घेताना, समज बदलण्याची रेषा जबाब सुरू होण्याआधीच ठरवून कागदावर लिहावी: कोणत्या वाक्यानंतर थांबायचं. साधारणपणे ती रेषा ‘आमच्या विभागात असं व्हायचं’ आणि ‘मी तिथे होतो, मी हे केलं’ यांच्यामध्ये असते. ती ओलांडली गेली की जबाब थांबवावा, वेळ नोंदवावी, आरोपीची समज दुभाष्यामार्फत पूर्ण द्यावी, वकिलाबद्दल विचारावं, आणि तो बोलायला तयार असेल तरच नवीन जबाब म्हणून पुढे जावं. रेषा ओलांडल्यानंतर समज न देता मघाशी घेतलेलं वापरता येणार नाही, हेही त्याला सांगावं. माहितीचा ओघ तुटेल या भीतीने अधिकारी थांबत नाहीत. ही भीती खरी आहे. पण न थांबता मिळालेली माहिती न्यायालयात गळून पडते, आणि गळताना अटकही सोबत नेते.

दुभाष्याची निवडही याच टप्प्यावर महत्त्वाची. अरबीत ‘फर’ म्हणजे शाखा आणि ‘किस्म’ म्हणजे विभाग. कर्नल विभागप्रमुख होता, शाखाप्रमुख दुसराच होता. जबाबात हे दोन शब्द एकदा अदलाबदल झाले की बचावाचा वकील त्या एका शब्दावर साक्षीदाराला दिवसभर धरू शकतो. शब्दसूची आधी तयार करावी आणि प्रत्येक दुभाष्याला तीच द्यावी.

खटला आणि पुरावा

कोब्लेन्झच्या उच्च प्रादेशिक न्यायालयात 23 एप्रिल 2020 रोजी सुनावणी सुरू झाली. कर्नलवर किमान 4,000 माणसांच्या छळाचा, 58 हत्यांचा आणि लैंगिक अत्याचारांचा आरोप होता. काळ 29 एप्रिल 2011 ते 7 सप्टेंबर 2012 असा नेमका बांधलेला. तारखा अशा बांधणं फार महत्त्वाचं, कारण आरोपी कोणत्या दिवशी कोणत्या खुर्चीवर होता यावरच सगळी जबाबदारी टांगलेली असते.

कर्नलने तोंडी उत्तर दिलं नाही. त्याच्या वकिलांनी लेखी निवेदन वाचून दाखवलं: छळ केला नाही, आदेश दिला नाही, उलट जून 2011 नंतर आपले अधिकारच काढून घेतले होते. म्हणजे लढाई ‘छळ झाला का’ यावर नव्हती, ‘त्या काळात याच्या हाती काय होतं’ यावर होती. कर्नलने स्वतः चाबूक उचलला, हे दाखवण्याची सक्ती अभियोक्त्यावर नव्हती. पण विभाग त्याच्या हाताखाली चालत राहिला हे दाखवावं लागणारच होतं. तिथे उपयोगी पडले ते सुटून आलेले कैदी आणि यंत्रणेत काम केलेले साक्षीदार.

शाखेच्या भिंतींबाहेरचा पुरावा दोन ठिकाणांहून आला. पहिला फोटोंमधून. ‘सीझर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या लष्करी पोलिसांच्या छायाचित्रकाराने 2013 मध्ये 53,000 हून अधिक फोटो देशाबाहेर काढले, त्यात कोठडीत मेलेल्या 6,700 हून अधिक माणसांचे फोटो आहेत. कोलोनच्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने नोव्हेंबर 2020 मध्ये हे फोटो न्यायालयात पडद्यावर दाखवत एकेका खुणेचा अर्थ सांगितला: बोथट वस्तूचे वळ, बांधल्याच्या खुणा, उपासमारीने आत गेलेली पोटं. मृतदेहाच्या अंगावर किंवा शेजारच्या कागदावर आकडे लिहिलेले असत. कैद्याचा क्रमांक आणि शाखेचा क्रमांक. मारणाऱ्यांनी हिशेब ठेवायला लिहिलेला तो शाखेचा आकडाच प्रेत आणि इमारत यांच्यातला दुवा ठरला.

दुसरा पुरावा एका कबर खोदणाऱ्याचा. तो सप्टेंबर 2020 मध्ये आपली ओळख न देता साक्षीला आला. इस्पितळांतून शीतपेटी असलेले ट्रक नजहा आणि कुतैफा इथल्या सामूहिक दफनभूमींकडे जात, आणि सोबतच्या याद्यांवर मृतदेहांची संख्या आणि कोणत्या शाखेतून आले ते लिहिलेलं असे, असं त्याने सांगितलं. फोटोतला आकडा आणि यादीतला आकडा यांची गाठ इथे पडते.

साक्षीदारांचं संरक्षण हा भाग मात्र लंगडा राहिला. काहीजण विग आणि मास्क लावून आले, काहींनी ऐनवेळी माघार घेतली, कारण सीरियातल्या नातेवाइकांना धमक्या येत होत्या. जर्मन प्रक्रियेत साक्षीदाराचं नाव-पत्ता लपवता येतो, पण तो निर्णय पहिल्या जबाबाच्या वेळीच व्हायला हवा. नाव एकदा मुख्य फाइलमध्ये गेलं की बचावपक्षाला फाइल बघण्याचा हक्क आहे. न्यायालयात पडदा लावून मग काही उपयोग नसतो. पहिल्याच भेटीत ‘तुमच्या घरचं कोणी अजून तिकडे आहे का?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘हो’ असेल तर ओळखीची कागदपत्रं त्याच दिवशी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत.

निर्णयाचा टप्पा: आरोप कशाचे लावायचे?

सुरुवातीच्या आरोपपत्रात लैंगिक अत्याचार सामान्य फौजदारी गुन्हे म्हणून घेतले होते, जणू कोठडीतले ते एकेकटे प्रसंग. नोव्हेंबर 2020 मध्ये पीडितांच्या वकिलांनी, हे मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणूनच धरावेत, असा अर्ज दिला. मार्च 2021 मध्ये न्यायालयाने तशी कायदेशीर सूचना दिली आणि निकालात ते तसेच आले. वर्गवारी उशिरा बदलली की साक्षीदाराला पुन्हा बोलवावं लागतं, आणि या विषयावर एका बाईला किंवा पुरुषाला दुसऱ्यांदा उभं करणं हा त्यांच्यावरचा मोठा भार आहे. हे तपासाच्या टेबलावरच ठरायला हवं होतं.

सक्तीने गायब करण्याचा आरोप पीडितांनी मागूनही जोडला गेला नाही. जर्मन कायद्यात तेव्हा या गुन्ह्यासाठी, नातेवाइकांनी विचारणा करावी आणि मग माहिती नाकारली जावी, अशी अट होती. ज्या राजवटीत विचारायला जाणाराच पकडला जातो तिथे ही अट म्हणजे दार बाहेरून बंद करणं.

सामान्य गुन्हे सोबत लावण्याचा एक फायदा मात्र होता. त्या काळी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा पीडित केवळ त्या नात्याने सहफिर्यादी, म्हणजे खटल्यात अभियोक्त्यासोबतचा पक्षकार, होऊ शकत नव्हता. हत्या, शरीराला इजा, लैंगिक अत्याचार या सामान्य कलमांमधूनच पीडितांना न्यायालयात जागा मिळाली.

निष्पत्ती

फेब्रुवारी 2021 मध्ये दोन्ही प्रकरणं वेगळी केली गेली. 24 फेब्रुवारी 2021 रोजी कनिष्ठला, दमास्कसजवळच्या डुमातल्या किमान 30 निदर्शकांना शाखेत पोचवण्याबद्दल, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला साहाय्य केल्याप्रकरणी साडेचार वर्षांची शिक्षा झाली. अभियोक्त्याने साडेपाच मागितली होती. त्याने स्वतः सांगितलेली माहिती न्यायालयाने त्याच्या बाजूने धरली. कर्नलचा खटला 108 दिवस चालला, 80 हून अधिक साक्षीदार झाले आणि 13 जानेवारी 2022 रोजी त्याला जन्मठेप झाली. आरोपपत्रातल्या 58 पैकी 27 हत्या निकालात आल्या. पीडितांच्या घरच्यांना हा आकडा टोचला. पण जे निर्विवाद जोडता येतं तेवढंच धरलं, म्हणून निकाल वर टिकला. 2024 मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक भाषेची झाली. आरोपींसाठी आणि अरबी बोलणाऱ्या पक्षकारांसाठी दुभाषे होते, प्रेक्षकांसाठी नव्हते. ज्यांच्या देशाचा हा खटला, ते सीरियन पत्रकार न्यायालयात बसून जर्मन ऐकत होते. 18 ऑगस्ट 2020 रोजी संघीय घटना न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, तेव्हा कुठे नोंदणीकृत अरबी पत्रकारांना दुभाष्यांचा आवाज कानावर घेण्याची सोय झाली. हेडफोनचे आणखी काही संच आणि दुसरं चॅनल, एवढ्याच गोष्टीसाठी देशाच्या सर्वोच्च पायरीपर्यंत जावं लागलं. दमास्कसमध्ये किंवा निर्वासित छावणीत बसलेल्या आईपर्यंत निकाल पोचणार तो याच पत्रकारांमार्फत, त्यामुळे ही सोय पहिल्या दिवसाच्या तयारीत हवी होती.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. अशा जर्मन न्यायालयात साक्षीचा शब्दशः मजकूर ठेवला जात नाही. अधिकृत इतिवृत्तात फक्त कोणती कार्यवाही झाली ते असतं. इतिहासासाठी मुद्रण करावं, ही मागणी मान्य झाली नाही. पुढचे साक्षीदार आधीच्यांचं ऐकून जबाब जुळवतील किंवा बोलायला घाबरतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण मुद्रण करून निकाल अंतिम होईपर्यंत सीलबंद ठेवणं शक्य होतं.

ऑगस्ट 2024 मध्ये जर्मनीने कायदा बदलला. आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांच्या पीडितांना सहफिर्यादी होण्याचा हक्क आला, गायब करण्याच्या गुन्ह्यातली विचारणेची अट गेली, परभाषक पत्रकारांना दुभाष्याचा लाभ मिळाला, आणि इतिहासासाठी मुद्रणाची वाट मोकळी झाली. कोब्लेन्झमध्ये त्या 108 दिवसांत कैदी, शिपाई आणि कबर खोदणारा काय बोलले, ते आज न्यायाधीशांच्या स्वतःच्या टिपणांत, निकालात उतरलं तेवढं, आणि प्रेक्षकांच्या बाकावर बसून रोज हाताने लिहीत राहिलेल्या निरीक्षकांच्या वह्यांमध्ये आहे.